दोन पाण्याचे पाचशे

माझं काम बिलं तपासण्याचं आहे. एका कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात 12 वर्षं हेच करतोय. कंत्राटदारानं सिमेंटच्या 200 गोण्या लावल्या आणि गेटच्या वहीत 160 उतरल्या असतील, तर जेवणाच्या सुट्टीआधी मला ते सापडतं. ऑफिसात माझ्यामागं मला ‘भिंग’ म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. तर या भिंगानं 16 नोव्हेंबर 2024 च्या रात्री अंधेरी पश्चिमेतल्या एका बारमध्ये 34,462 रुपयांचं बिल भरलं, आणि भरताना त्यातली एक ओळसुद्धा वाचली नाही.

बारचं नाव लिहीत नाही. तिथली पाटी एव्हाना बदललीय, आणि तुमच्यावर वेळ येईल तेव्हा वेगळीच पाटी असेल.

मी छत्तीस वर्षांचा, डोंबिवलीत आईबरोबर राहतो. दोन वधू-वर सूचक केंद्रांत नाव घालून झालं, कांदेपोहे खाऊन झाले. शेवटी मावसभावानं माझ्याच मोबाइलवर डेटिंग ॲप टाकून दिलं आणि माझा बरा दिसणारा एकुलता एक फोटो त्यावर चढवला. दोन महिने शुकशुकाट. मग एका मंगळवारी एका मुलीशी जुळलं आणि तासाभरात तिनंच नंबर दिला. पुढचे तीन दिवस आम्ही बोलत होतो असं मला वाटत होतं. आज ते मेसेज वाचतो तेव्हा दिसतं की ती माझी मुलाखत होती. नोकरी कुठं, घरी कोण कोण, ड्रिंक्स घेतोस ना, मुंबईत मित्र बरेच आहेत का. मी म्हटलं फारसे नाहीत, मी तसा एकटाच असतो. त्यावर तिनं हृदयाचं चिन्ह पाठवलं होतं.

मी दादरला भेटू म्हणालो होतो. शिवाजी पार्कजवळ कुठंतरी कॉफी, आणि जमलं तर कट्ट्यावर थोडा वेळ. ती म्हणाली, मालाडहून येते, अंधेरी बरं पडेल. ठीक. शनिवारी दुपारी ती म्हणाली, कॅफे नको, जरा छान ठिकाणी बसू. हेही ठीक. विधानसभेच्या प्रचाराचा तो शेवटचा शनिवार होता, रस्त्यावर रिक्षांवर भोंगे लावून उमेदवार ओरडत होते. मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली ती भेटली. फोटोतलीच होती, हे पाहूनच मी इतका खूश झालो की पुढचं सगळं तिला आधीच माफ होतं. तिनं फोन कानाला लावला, दोन वाक्यं बोलली आणि म्हणाली, “वहाँ तो वेटिंग है. इधर पास में एक क्यूट सी जगह है, चलें?”

ती क्यूट जागा टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होती. अरुंद जिना, त्यावर गुलाबी निऑनची अक्षरं. आत मात्र सजावट अशी की आपण चुकून कुणाच्या तरी लग्नाआधीच्या फोटोशूटमध्ये शिरलोय असं वाटावं. उघड्या विटांची भिंत, पिवळे लोंबते बल्ब, प्लास्टिकची वेल, दहा-बारा छोटी टेबलं. अंधार एवढा की समोरच्याची बोटं दिसावीत, पण ग्लासातलं दिसू नये. आणखी दोनच टेबलं भरलेली होती, आणि दोन्हीवर एकेक पुरुष आणि एकेक मुलगी. शनिवारी रात्री नऊला अंधेरीत बार रिकामा का असावा, हा प्रश्न भिंगाला पडायला हवा होता.

वेटर आला तो हात हलवत. मेनूकार्ड नाही. टेबलावर क्यूआर कोडचा स्टँड होता, तो मी स्कॅन केला तर चाकच फिरत राहिलं. “सर, वो आज नहीं चल रहा.” मी कार्ड मागणार एवढ्यात तिनं तोंडी ऑर्डर द्यायला सुरुवात केली, एकही नाव न अडखळता. जेगरबॉम्ब, रेड वाइन, काहीतरी प्लॅटर. मी व्हिस्की सांगितली.

इथं थोडं थांबतो, कारण खरी चोरी इथंच झाली. आपण मराठी मध्यमवर्गीय माणसं हॉटेलात मेनूकार्ड उजवीकडून डावीकडं वाचतो. आधी आकडा बघतो, मग भूक ठरवतो. माझे वडील तर उजवीकडचा स्तंभ वाचून झाल्यावर “मला तशी भूक नाहीये” म्हणायचे. त्या रात्री मला उजवी बाजूच मिळाली नाही. आणि वेटरला “भाऊ, याचा रेट काय?” एवढं विचारायला मी लाजलो. पहिल्या भेटीत मुलीसमोर रेट विचारणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. त्या लाजेवर अख्खा धंदा उभा आहे. दारू, दिवे, बाउन्सर हे सगळं नंतर येतं.

जेगरबॉम्ब चार आले. दोन सांगितले होते, पण वेटर म्हणाला, “मॅडम ने फोर बोला.” ती हसली. वाइनचा एक ग्लास संपला, दुसरा आला. ती भराभर पीत होती आणि तिच्या बोलण्यात काडीचा फरक पडत नव्हता. एकदा ती वॉशरूमला गेली तेव्हा अंधारात माझ्या हाताला चुकून तिचा ग्लास लागला आणि मी घोट घेतला. क्रॅनबेरीचा ज्यूस होता. नुसता ज्यूस, तोही पाणी घातलेला. मी ग्लास जिथल्या तिथं ठेवला, त्याच्या ओल्या वर्तुळावर नीट बसवून, आणि मनाशी काय म्हटलं असेल? ‘बिचारी पीत नसेल, मला बरं वाटावं म्हणून पिण्याचं नाटक करतेय.’ खरंच हे म्हटलं मी.

मग तिनं हुक्का मागवला. कमला मिल्समधल्या पबना 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री आग लागली, ती हुक्क्याच्या निखाऱ्यांमुळं असं चौकशीत आलं. तेव्हा माझं ऑफिस तिथंच, लोअर परळला होतं. त्यानंतर 2018 मध्ये महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर बंदी आली, हे मला चांगलं ठाऊक होतं. हुक्का आला, मी गप्प. तिसरा वाइनचा ग्लास आला, मी गप्प. त्याच सुमारास तिचा फोन वाजला. तिच्या दीदीला ताप चढलाय, हॉस्पिटलला न्यायचंय. डोळ्यांत पाणी वगैरे. मी म्हटलं सोडायला येतो, ती म्हणाली नको, भाऊ खाली गाडी घेऊन आलाय. जिन्यावरून तिच्या सँडलचा आवाज गेला. आम्ही आत बसून जेमतेम पन्नास मिनिटं झाली होती.

ती गेली आणि मिनिटभरात काळी फोल्डर आली, वर बडीशेपची वाटी.

मी शेवटचा आकडा पाहिला आणि मला वाटलं, दशांश चिन्ह पुसलं गेलंय. मॅनेजरला बोलावलं. तो अतिशय सभ्य. “सर, मॅडम ने ऑर्डर किया, आपके सामने किया. आपने मना किया क्या?” या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि त्याला ते माहीत होतं. मी मेनूकार्ड मागितलं. आता मात्र आलं! लॅमिनेट केलेलं एक पान, त्यावर बिलातलेच रेट. माझ्या खुर्चीमागं दोन माणसं येऊन उभी राहिली. अंगाला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. एकानं जिन्याचं दार नुसतं लोटून घेतलं आणि त्याला पाठ टेकून मोबाइल बघत राहिला. दुसरा म्हणाला, “सर, बिल क्लिअर करो, फिर जो बोलना है बोलो.” मी म्हटलं एवढे पैसे नाहीत. “घरपे फोन लगाओ ना सर. मम्मी है ना घरपे?”

आई घरी असते, हे मी त्या मुलीला सांगितलं होतं.

क्रेडिट कार्डावर 20,000 गेले. पिन टाकताना माझं बोट दोनदा घसरलं, तर तो म्हणाला, “आरामसे, सर.” उरलेले 14,462 यूपीआयनं. क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर जे नाव आलं ते बारचं नव्हतं, कुठल्यातरी मोबाइल कव्हर विकणाऱ्या दुकानाचं होतं. मी पाहिलं आणि पैसे पाठवले. बिल मात्र घडी करून खिशात घातलं, बहुधा सवयीनं. त्या रात्री मी केलेली शहाणपणाची गोष्ट एवढीच.

खाली रिक्षा उभी होती. बसलो, स्टेशन म्हटलं. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं, मग वरच्या गुलाबी पाटीकडं, आणि विचारलं, “कितने का पडा?”

मी काही बोललो नाही. सिग्नलला म्हटलं, “चौंतीस.”

“पिछले हफ्ते एक लडका रोते हुए बैठा था. पचास.” मग स्टेशन येईपर्यंत तोही गप्प. मीटरवर 37 झाले. मी 40 दिले, त्यानं 3 परत केले. ती तीन नाणी मी घाटकोपरपर्यंत मुठीत धरून होतो.

रविवारी आई देवळात गेल्यावर बिल काढलं, आणि पहिल्यांदा माझ्या पद्धतीनं वाचलं.

जेगरबॉम्ब चार, 1,950 प्रमाणे 7,800. वाइनचे तीन ग्लास, 2,850 प्रमाणे 8,550. माझ्या व्हिस्कीचे दोन मोठे पेग, 1,400 प्रमाणे 2,800. ‘एक्झॉटिक प्लॅटर’ 2,400, म्हणजे पनीर टिक्क्याचे सहा तुकडे आणि बटाट्याच्या फिंगरचिप्स. ‘मिस्ट स्पेशल’ 4,500. हा कुठला पदार्थ ते मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, हा हुक्का. बंदी असलेली वस्तू बिलात धुक्याच्या नावानं आली होती. पाणी दोन बाटल्या, 250 प्रमाणे 500. बेरीज 26,550. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, 2,655. आणि त्या सगळ्यावर ‘टॅक्स’ 18 टक्के, म्हणजे 5,257.

इथं भिंग जागं झालं. दारू जीएसटीत येतच नाही. तिच्यावर व्हॅट असतो, आणि परमिट रूममध्ये महाराष्ट्रात तो 1 नोव्हेंबर 2023 पासून 10 टक्के होता. साध्या रेस्टॉरंटमधल्या खाण्यावर जीएसटी 5 टक्के. 18 टक्के लागतो तो महागड्या खोल्या असलेल्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटला. टायरच्या दुकानावरच्या बारला नव्हे. सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात घालायचा नाही, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 4 जुलै 2022 ची मार्गदर्शक सूचना आहे. ती कोर्टात अडकली होती, मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. म्हणजे त्यांचेच रेट मान्य केले, हुक्काही खाण्यात धरला, तरी बिल 28,835 होतं. 5,627 रुपये नुसत्या हिशेबात मारले होते. लुटीतही पुन्हा लूट! वर बिलावर 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक नाही, आणि 1 जानेवारी 2022 पासून बिलावर छापणं बंधनकारक असलेला अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांकही नाही. कुठल्याही कंत्राटदाराचं असं बिल मी टेबलावर ठेवून घेतलं नसतं.

मग बातम्या शोधल्या. ऑगस्ट 2024 मध्येच अंधेरीतल्या अशा प्रकारावर ढिगानं छापून आलं होतं, 23,000 पासून 61,000 पर्यंतची बिलं. तो मथळा मी तेव्हा लोकलमध्ये वाचला होता आणि शेजाऱ्याला म्हणालो होतो, “या पोरांना अक्कल नसते का?” त्याआधी जूनमध्ये दिल्लीत लक्ष्मीनगर भागात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाकडून याच पद्धतीनं 1 लाख 21 हजारांहून जास्त उकळले होते. त्या तपासात पोलिसांनी वाटणीही सांगितली होती: मुलीला 15 टक्के, मॅनेजर लोकांना 45, मालकांना 40. मी कॅल्क्युलेटर काढला. आमच्याकडंही तोच भाव असेल, तर माझ्या पैशांतले तिला 5,169 मिळाले. चार दिवसांची चॅटिंग, तीन ग्लास ज्यूस आणि एका आजारी दीदीचे. मला तिचा राग यायला हवा होता. आला तो पंचेचाळीस टक्केवाल्याचा, आणि “आरामसे, सर”चा.

बँकेनं हात वर केले. पिन तुम्हीच टाकलाय, मग व्यवहार तुमचाच. 1930 हा ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीचा नंबर, तिथं यूपीआयचा भाग नोंदवला. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, तिथं सर्व्हिस चार्ज आणि कराचं सांगितलं. पोलीस ठाण्यात जायला मात्र गुरुवार उजाडला, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी. बंदोबस्तानं सगळे थकलेले. साहेब म्हणाले, “मारलं का? चाकूबिकू दाखवला? नाही ना. मग प्यायलात, पैसे दिलेत.” बोलण्यात त्यांची चूकही नव्हती, मीच ‘पैसे जास्त घेतले’ एवढंच सांगत होतो. बाजूला बसलेल्या हवालदारांनी विचारलं, “दार अडवलं होतं का?” हो म्हटलं. “मग ते आधी सांगा ना!” माणसाला बाहेर जाऊ न देणं हाच मुळात गुन्हा आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318, खंडणीचं 308 आणि वाट अडवण्याचं 126. हे त्यांनीच अर्जाच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहून दिलं. मग बिल हातात घेऊन, “हे मिस्ट म्हणजे काय?” मी सांगितलं. ते हसले आणि साहेबांकडं गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरचा फोन. तितकाच सभ्य. गैरसमज झाला सर, 14,000 परत करतो, रोख, स्टेशनच्या बाहेर. मी घेतले, आणि अर्ज मागं घेतला. या सगळ्या लिखाणात हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरला असता तर जबाबाला नाव लागलं असतं, पत्ता लागला असता, डोंबिवलीत कुणी ना कुणी वाचलं असतं. त्या 14,000 मध्ये त्यांनी माझं तोंड विकत घेतलं, आणि भाव वाजवी होता हे दोघांनाही माहीत होतं. आज हे लिहितोय ते थोडंफार त्याची परतफेड म्हणून.

कुणी अशा जागी अडकलाच, तर माझ्यासारखं खुर्चीत बसून राहू नका. समोरच, त्यांच्या देखत, स्पीकरवर 112 लावा आणि म्हणा की पोलीस आल्यावर त्यांच्यासमोर भरतो. दिल्लीवाल्या बातम्यांत आणि हवालदारांच्या बोलण्यातही तेच आलं, की आवाज करणाऱ्याला हे लोक सोडून देतात. खाली पुढचं गिऱ्हाईक वाट बघत असतं. द्यावेच लागले तर रोख देऊ नका, क्यूआरवर आलेल्या नावाचा स्क्रीनशॉट काढा, बिल घेतल्याशिवाय जिना उतरू नका. पण हे सगळं नंतरचं. आधीचं म्हणजे भेटायची जागा तुम्ही ठरवा. ती आयत्या वेळी बदलली आणि बदललेली जागा ‘जवळच’ निघाली, तर मेट्रोच्या जिन्याखालीच चहा पिऊन घरी जा. आणि मेनूकार्ड नाही म्हणाले तर रेट विचारा, मोठ्यानं. समोरची मुलगी खरीच भेटायला आली असेल तर तिलाही तो ऐकायचा असेल.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. बिल कपाटात विम्याच्या फायलीत ठेवलं होतं. या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तिनं ती फाइल झटकली आणि बिल बाहेर पडलं. मी माळ्यावरून डबे खाली देत होतो. तिनं चष्मा लावला, खिडकीपाशी गेली, आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, बोट ठेवत ठेवत. माझी नजर ही कुठून आली असेल ते तेव्हा कळलं. मी स्टुलावरच उभा होतो, हातात चकलीचा रिकामा डबा.

“दोन पाण्याचे पाचशे?” ती म्हणाली.

बाकी काहीच विचारलं नाही. बिलाची घडी होती तशीच घातली, फायलीत ठेवली, आणि म्हणाली, “उतर खाली. चहा टाकते.”